मरणाची विचारपूस

पब्लिक हेल्थ शिकते म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे डॉक्टर की नर्स?" दोन्ही नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. आईलाही सुरुवातीला काय सांगावं ते सुचायचं नाही. मग तिनंच एक उत्तर तयार केलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "आजाराचंच शिकते, पण माणसाच्या नाही, गावाच्या." आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ही सोपी होती, आणि खरीही.

आम्ही श्रीरामपूरचे. पप्पा मिशनच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, आई घरीच शिवणकाम करणारी, आणि मी एकुलती एक. कॉलेज नगरला होतं, म्हणून मी हॉस्टेलवर राहायचे. खोलीत सोबतीला राहात्याकडची एक मैत्रीण होती. तिच्या घरी पेरूच्या बागा होत्या. सुट्टीवरून आली की खोलीभर पेरूचा वास, आणि रविवारी संध्याकाळी दोघींचा एकच विषय: पुढे काय?

शेवटच्या सत्रात, फेब्रुवारीत, कॉलेजनं करिअर मेळावा भरवला. सभागृहात भिंतीलगत टेबलं मांडली होती. विमा कंपन्या, मोठी हॉस्पिटलं, औषधांच्या चाचण्या घेणारी एक कंपनी, आरोग्य खात्यातल्या कंत्राटी पदांची माहिती देणारे एक गृहस्थ. प्रत्येक टेबलामागे फ्लेक्स, पुढे मुलांची रांग. मैत्रिणीनं सकाळीच तीन ठिकाणी बायोडेटा दिला आणि दुपारपर्यंत पुण्याच्या एका हॉस्पिटलानं तिला दुसऱ्या मुलाखतीला बोलावलंही. मी रांगांमधून नुसती हिंडत होते. कुठेही उभं राहिलं की वाटायचं, इथे मी चुकून आलेय.

कोपऱ्यातल्या टेबलाला फ्लेक्स नव्हता. एका कागदावर संस्थेचं नाव हातानं लिहून तो टेबलाला चिकटवला होता. मागे साठीच्या एक डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, खादीचा कुर्ता. त्यांच्यापुढे रांग नव्हती, म्हणून मी थांबले.

"काय काम आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"गावात माणसं घरीच मरतात," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं शेवटी पाहिलेलं नसतं. दाखल्यावर 'वृद्धापकाळ' नाहीतर 'हृदय बंद पडून' असं काहीतरी लिहितात. आम्ही त्या घरी जातो, जवळच्या माणसाला विचारतो, शेवटच्या दिवसांत काय काय होत होतं. ते आमचे डॉक्टर वाचतात आणि मरणाचं कारण ठरवतात. प्रश्न विचारायला माणसं हवीत."

मला हे अभ्यासात होतं. परीक्षेत त्यावर मी पानभर लिहिलंही होतं. पण असं टेबलापलीकडून कधी ऐकलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "समज, मी खेड्यातली बाई. महिन्यापूर्वी माझा मुलगा गेलाय. कशानं गेला ते तुला माझ्याकडून कळून घ्यायचंय. कर सुरू."

मी नमस्कार केला, मी कोण, कुठून आले ते सांगितलं. मॅडम खिडकीबाहेर पाहत गप्प बसल्या. माझ्याजवळ प्रश्न तयार होता, पण मी तो विचारला नाही. सभागृहात स्पीकरवरून जेवणाची कुपनं कुठे मिळतील ते सांगत होते. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी भात मागत होता. मी दिला न्हाई. ताप हुता ना."

"ताप किती दिवस होता?" मी विचारलं.

त्यांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. ती खेड्यातली बाई त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेली होती.

"आईनं भाताचं सांगितलं आणि तू तापाचं विचारलंस."

"चुकलं का, मॅडम?"

"नाही. बरोबर विचारलंस. इथे बहुतेक मुलं एकतर रडायला लागतात, नाहीतर बाईची समजूत काढत बसतात. तुला जमेल." मग पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या, "ज्यांना असं लगेच जमतं, त्यांची मला जरा भीतीच वाटते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आणखी एक. घरच्या माणसांकडे या नजरेनं बघायचं नाही. माझं बघून झालंय. कळत काही नाही, नुसती झोप जाते."

पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मैत्रिणीनं खोलीतच मला मिठी मारली आणि लगेच दूर होऊन म्हणाली, "पण रोज उठून मेलेल्यांच्या घरी जायचं? तुला दुसरं काहीच मिळालं नसतं का गं?" घरी मी नोकरीचं सांगितलं ते 'सर्वेचं काम' म्हणून. पप्पांनी खोदून विचारलं तेव्हा त्यांना थोडंफार सांगितलं. आईला मी काहीच सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. गावोगाव हिंडायचं आहे एवढं ऐकून तिनं मला मोठ्या खिशाचे दोन कुर्ते शिवून दिले.

मला आमचाच भाग मिळाला. श्रीरामपूर, राहुरी, राहाता या बाजूची गावं. त्यामुळे मी घरीच राहायला आले. सकाळी स्कूटीवर निघायचं, गावच्या आशा कार्यकर्तीला गाठायचं, तिनं दाखवलेल्या घरी जायचं. दिवस, दशक्रिया उरकून काही आठवडे गेल्याशिवाय आम्ही जात नसू. प्रश्न टॅबवर एकामागून एक येत. ताप होता का? खोकला होता का? खोकल्यातून रक्त पडत होतं का? श्वास लागत होता का? झोपल्यावर जास्त लागत होता का? बाई गेली असेल तर पाळीचे, बाळंतपणाचे, स्तनात गाठ होती का, जखम होती का, असे आणखी. 'हो' आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती दिवस?

राहुरीजवळ कालव्याच्या कडेला एका वस्तीवर एक आजोबा भेटले. बायको गेली होती. त्यांनी बाजेवर माझ्यासाठी घोंगडी टाकली आणि शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी उत्तरं दिली.

"पायाला सूज होती का, बाबा?"

"हुती की. लई हुती. बोट दाबलं की खड्डा पडायचा. आमी म्हनलं, वय झालं आता."

"किती दिवस होती?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "गेल्या पोळ्याला हुती... त्येच्या आधी पंचमीला झाडाखाली बसली तवाबी हुती." मोजता मोजता ते थांबले. "म्हंजी लई दिस हुती की गं, पोरी. आमाला दिसत हुती."

हे मी पुढे पुष्कळ घरांत पाहिलं. माणसं उत्तर देताना दिवस मोजतात आणि मोजताना त्यांना कळतं, की वेळ होता. तोवर कुणाच्या डोक्यात तसं आलेलं नसतं. ते मी त्यांच्या डोक्यात घालून, सही घेऊन, चहा पिऊन निघायचे. मॅडमना एकदा मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो. या कामाची ती किंमत आहे आणि ती आपण देत नाही, ती माणसं देतात. विसरू नकोस एवढंच."

त्या पावसाळ्यात, एका रविवारी, चर्चमधून आल्यावर पप्पा पलंगावर बसून मोजे काढत होते. मी समोर भाजी निवडत होते. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ त्यांच्या नडगीभोवती उमटला होता. मी उठले, त्यांच्यापाशी बसले आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"काय गं?" पप्पा म्हणाले.

"काही नाही. कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

आई दारात उभी होती. हातात धुतलेल्या तांदळाचं पातेलं होतं. ती आमच्याकडे पाहत होती, आणि मला आठवतं, तिनं काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं होतं. मग ती आत गेली.

त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. आमच्या फॉर्ममधले सगळे प्रश्न भूतकाळात असतात. श्वास लागत होता का. लघवी कमी झाली होती का. जेवण कमी झालं होतं का. मी पप्पांना जेवताना पाहायचे आणि डोक्यात ते वाक्य यायचं. भाकरी एकच खात होते. जिन्यात थांबत होते. दुपारी झोपत होते. जिवंत माणसाविषयी मी मनातल्या मनात 'होते' म्हणत होते, आणि ते समोर बसून मला पेपरमधली बातमी वाचून दाखवत होते.

मी त्यांना तीन डॉक्टरांकडे नेलं. लघवी, रक्त, किडनी, छातीचा फोटो, हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक वेळी आई सोबत यायची, फाइल धरून बसायची. सगळं नॉर्मल आलं की मला आणखी भीती वाटायची, की जे आहे ते सापडत नाहीये. नाताळाच्या आधी तिसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट पाहायला मागितलं. पप्पांची ब्लडप्रेशरची गोळी बदललेली होती. "या गोळीनं काही जणांच्या पायावर सूज येते," ते म्हणाले आणि दुसरी लिहून दिली. दोन-तीन आठवड्यांत पाय पूर्ववत झाले. आला होता तसा तो घोर गेला. नाताळाला पप्पांनी नवे मोजे घातले आणि सगळ्यांना पाय दाखवत हिंडले.

या सगळ्या महिन्यांत आईनं शिवणकाम जवळपास बंद केलं होतं. डोळे दुखतात म्हणाली. हातातले कपडे तिनं गल्लीतल्या दुसऱ्या बाईला दिले. वरच्या फळीवरचा डबा ती मला काढायला सांगायची. दोरीवर कपडे उजव्या हातानंच टाकायची. अंगातले ब्लाउज सैल झाले होते आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली होती. हे सगळं मला आज दिसतं. त्या वेळीही दिसत होतं. एकदा मी म्हटलंही, "आई, तुझा डावा खांदा आखडलाय. फिजिओला दाखवू." ती "बघू" म्हणाली.

जानेवारीत मी राहात्याकडे एका वाडीवर गेले होते. सासू गेली होती आणि उत्तरं सून देत होती. चाळिशीची, शांत बाई. सासूला छातीत गाठ होती. गाठीची जखम झाली, जखम वाढत गेली, पण सासूनं कुणाला दाखवली नाही.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"वास याया लागला, ताई. आमी म्हनलं उंदीर मेलाय कुठं. सगळं घर हुडकलं." ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "त्या बी आमच्यासंगं हुडकीत हुत्या."

घरी येताना मी रस्त्यात एकदा स्कूटी थांबवली आणि उसाच्या फडाकडे पाहत उभी राहिले. मग घरी आले. आईनं चहा दिला. तिनं पावडर लावली होती, बरीच. मी तिला म्हणाले, "कुठे बाहेर निघालीस का?" ती म्हणाली, "नाही गं, असंच. घाम येतो."

फेब्रुवारी संपता संपता कॉलेजातून फोन आला. या वर्षीच्या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम ठेवला होता: पास होऊन गेलेल्यांनी आपापल्या नोकरीविषयी मुलांशी बोलायचं. मला आणि माझ्या त्या मैत्रिणीला बोलावलं होतं. पालकांनाही आणा, आम्ही त्यांचा सत्कार करू, असं सरांनी आवर्जून सांगितलं. पप्पा लगेच तयार झाले. आई नको म्हणाली, मग पप्पांचा हिरमोड होईल म्हणून हो म्हणाली.

सरांची आणखी एक इच्छा होती. "नुसतं भाषण नको," ते म्हणाले. "मुलाखत कशी घेतात ते स्टेजवर करून दाखव. मुलांना प्रत्यक्ष कळू दे." कोणती केस घ्यावी यावर मी दोन दिवस विचार केला. मला ती वाडीवरची सून आठवली. नाव-गाव काढून टाकलं, तपशील थोडे बदलले. बायका आजार कसा लपवतात आणि आपण न दुखवता तिथवर कसं पोचायचं, हे मुलांना त्यातून शिकता येईल असं मला वाटलं. त्या निवडीचा मला अभिमानही वाटला होता.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. आई-पप्पा पहिल्या रांगेत, आईशेजारी माझी मैत्रीण. मार्चचं ऊन आत येत होतं तरी आईनं पदर घट्ट लपेटून घेतला होता. आधी सत्कार झाले. एका प्राध्यापक बाईंनी आईला शाल पांघरली आणि प्रेमानं खांद्याला धरून जवळ घेतलं. आईच्या तोंडून एक आवाज निघाला. छोटासाच. माइक जवळ होता म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला. लोक हसले, त्यांना वाटलं बाई गहिवरल्या. मीही हसले.

मैत्रीण आधी बोलली. हॉस्पिटलातलं काम, पगार, बढती, इंग्रजीची तयारी. मुलांनी भराभर प्रश्न विचारले. मग मी. पहिल्या वर्षाची एक मुलगी सून झाली. तिला मी उत्तरं सांगून ठेवली होती. आम्ही दोन खुर्च्या समोरासमोर घेतल्या.

"सासूबाईंना ताप होता का?"

"न्हाई."

"वजन कमी झालं होतं का?"

"झालं हुतं. ब्लाउज ढगळ व्हायचे."

हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. त्या मुलीनं आपल्या मनानं घातलं. सभागृहात कुणीतरी "व्वा" म्हणालं.

"स्तनात गाठ होती का?"

"हुती."

"जखम झाली होती का?"

"व्हय."

"किती दिवस होती?"

पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती. शाल घडी न घालता खुर्चीवर ठेवून ती मधल्या वाटेनं दाराकडे चालू लागली. पाठ ताठ, पावलं सावकाश. मैत्रीण तिच्यामागे गेली. मी पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, कारण कार्यक्रम चालू होता. मैत्रीण परत येऊन स्टेजखालून हळूच म्हणाली, "उकडतंय म्हणाल्या. बाहेर बसल्यात." मुलाखत संपली. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, या कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता?" मी म्हणाले, "ऐकून घेणं." मला ते उत्तर फार छान वाटलं होतं.

दुपारच्या एस.टी.नं आम्ही निघालो. गर्दी होती. पप्पांना पुढे जागा मिळाली, आम्हा दोघींना मागे. आई खिडकीशी. राहुरी जवळ आली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक चालल्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"आठ महिने," आई म्हणाली.

मला वाटलं कशाचा तरी हिशोब करतेय. "काय आठ महिने?"

"तू विचारलंस ना मघाशी. किती दिवस होती."

ती खिडकीबाहेरच पाहत होती. तिच्या अंगाची पावडर आणि पावडरीखालचा दुसरा वास, दोन्ही मला त्या क्षणी वेगवेगळे आले. तीन महिने मी त्या वासात जेवले होते.

आता मी काय केलं ते सांगते. मी तिचा हात धरायला हवा होता. मी विचारलं, "गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली?"

"जुलैमध्ये. अंघोळ करताना. तिथूनच मोजले मी. जखम दिवाळीनंतरची."

"दुखायची?"

"आधी नाही."

"जखमेतून काही येतं?"

"येतं. मी कापड ठेवते. शिवलेत तसे कप्पे ब्लाउजला आतून."

"काखेत गाठी?"

"एक आहे. हात वर होत नाही."

एकामागून एक, ज्या क्रमानं टॅबवर येतात त्याच क्रमानं. तिनंही तशीच उत्तरं दिली, परक्या बाईला द्यावीत तशी, नीट आठवून. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"तुझा हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला," ती म्हणाली. "आधी स्टेजवर, आणि आता इथे."

तेव्हा मला रडू फुटलं. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं.

"मला सांगायचं होतं," आई म्हणाली. "त्या रविवारी सांगणारच होते. पण त्या दिवशी तुला पप्पांचे पाय दिसले. तू इतकी घाबरलीस की म्हटलं, एका वेळी एकच काय ते होऊ दे. त्यांचं बरं झालं की माझं सांगू. मग त्यांचं लांबत गेलं. मग माझं इतकं वाढलं, की सांगायचीच लाज वाटायला लागली."

"मी रोज घरात होते, आई."

"होतीस. पण तू त्यांच्या पायांकडे बघत होतीस."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पप्पांना घरी गेल्यावर सांगितलं. मग त्यांनी पायातले मोजे काढले आणि कोपऱ्यात भिरकावले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जिल्ह्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होतो. तपासताना तरुण डॉक्टरनं चादर बाजूला केली. त्यानं विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मग कागद भरताना मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यानं मान खाली घालून लिहिलं आणि पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

सुईची तपासणी झाली, स्कॅन झाला. छातीपलीकडे, काखेपलीकडे काही दिसलं नाही. इतक्या उशिरा आलेल्या बाईच्या मानानं हे चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. आधी केमोच्या काही फेऱ्या, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. आईचे केस गेले. तिनं उरलेल्या कापडांतून स्वतःसाठी टोप्या शिवल्या, आणि मग वॉर्डातल्या इतर बायकांसाठीही. चर्चच्या बायका आळीपाळीनं डबा घेऊन यायच्या. "जय ख्रिस्त" म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकीला आई, हातात सुई असली तरी, पहिल्यांदा विचारायची, "तू स्वतःचं बघतेस ना हातानं? अंघोळीच्या वेळी?" बायका लाजायच्या. आई त्यांना सोडायची नाही.

मी मॅडमना फोन करून सांगितलं, की मला आता हे काम जमणार नाही. त्यांनी समजावलं नाही. रिपोर्ट काय आहेत, कोणता डॉक्टर आहे, केमोत तोंड आलं तर काय द्यायचं, एवढंच बोलल्या. फोन ठेवताना मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, या नजरेनं बघितलं तर काही कळत नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याही घरी असंच झालं होतं. तुला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मेळाव्यात कोणी सांगत नाही असं. मीही नाही सांगितलं."

सहा महिन्यांनी मी कामावर परतले. कुणाच्या आग्रहानं नाही. घरोघर जाणाऱ्या मुलामुलींचं प्रशिक्षण घ्यायला माणूस हवा होता आणि मला दुसरं काही येतही नव्हतं. कॉलेजच्या मेळाव्यात आता आमच्या टेबलालाही फ्लेक्स असतो. मी तिथे बसते. येणाऱ्या मुलांना गाड्या किती, गावं किती, बढती कधी, सगळं सांगते. मग त्यांना विचारते, "घरी कोण कोण आहे? त्यांची शेवटची तपासणी कधी झाली?" काही मुलांना हा मुलाखतीचाच भाग वाटतो आणि ती सावरून बसतात. काही उठून शेजारच्या विमा कंपनीच्या रांगेत जातात. मी त्यांना थांबवत नाही.

आईला ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. ती पुन्हा ब्लाउज शिवते, थोडेच, ओळखीच्यांचे. दर तीन महिन्यांच्या तपासण्या चांगल्या येत गेल्या. पप्पा कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करून ठेवतात.

मागच्या आठवड्यात मशीनवरून उठताना ती कमरेवर हात ठेवून थांबली. मी जेवायला वाढत होते. पप्पा म्हणाले, "फार वेळ बसतेस तू वाकून." ती म्हणाली, "तसंच असेल." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण तू नंबर लाव."

मी नंबर लावला. हाडांत काही पसरलंय का ते पाहायला डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला. काल सकाळी आम्ही हाडांच्या स्कॅनला गेलो. इंजेक्शन दिल्यावर तीन तास थांबायचं असतं. बाकावर बसून तिनं माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही पाहिली, पर्समधून सुई काढली आणि तिथेच, माझ्या अंगावरच, ती शिवून टाकली. मग तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा खिडकीतल्या माणसानं सांगितलं, रिपोर्ट उद्या चारनंतर. आतल्या तंत्रज्ञाला मी ओळखते, गेल्या वेळी तो आमच्याशी गप्पा मारत होता. काल त्यानं फाइल माझ्या हातात दिली आणि "डॉक्टर बोलतील" एवढं म्हणून तो आत गेला.

आता पावणेतीन वाजलेत. आई तयार होऊन बसली आहे. पप्पा रिक्षा आणायला गेले आहेत.